एका घरातले दोन रिपोर्ट

दीड महिन्यापूर्वी या सदराच्या पत्त्यावर एक जाड पाकीट आले. आत चार पानी पत्र आणि दोन रिपोर्टांच्या झेरॉक्स प्रती होत्या. पत्र लिहिणारे गृहस्थ माध्यमिक शाळेत शिक्षक आहेत. नाव-गाव अर्थातच देत नाही. पण त्यांच्या परवानगीने त्यांच्या घरची हकीकत इथे मांडतो आहे.

एकाच वर्षात या घरात दोन गाठी निघाल्या. वडील, ज्यांना घरात सगळे अण्णा म्हणतात, वय ६६, यांच्या मूत्राशयात, म्हणजे लघवीच्या पिशवीत. आणि मामा, वय ४१, यांच्या मेंदूत. दोघांचीही शस्त्रक्रिया झाली, दोघांचेही तुकडे तपासणीला गेले आणि दोघांचेही निदान कर्करोग असे आले. पत्रातला प्रश्न साधा होता. अण्णांच्या रिपोर्टात स्टेज लिहिली आहे, मामांच्या रिपोर्टात नुसती ग्रेड, असे का? मामांची स्टेज लिहायची राहून गेली का? पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहावे तसे आणखी काही होते. अण्णांची गाठ दुर्बिणीतून काढून टाकली, लघवी स्वच्छ होते, ते पुन्हा शेतावर जाऊ लागले आहेत, म्हणजे त्यांची काळजी मिटली. मामांचे मात्र दुखणे मेंदूचे. तेव्हा तिथे आता आणखी पैसा घालण्यात अर्थ नाही, असे घरातल्या वडीलधाऱ्यांचे ठरत आले आहे.

मी दोन्ही रिपोर्ट वाचले, पत्र बाजूला ठेवले आणि आधी फोन लावला. घरच्यांनी काढलेले दोन्ही निष्कर्ष उलटे होते. ते कसे, हे सांगायचे तर तुकडा तपासणे म्हणजे नेमके काय, तिथून सुरुवात करावी लागेल.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. म्हणजे रुग्णाला बहुधा कधीच न भेटणारा डॉक्टर. शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा आमच्याकडे फॉर्मॅलिनच्या बाटलीतून येतो. फॉर्मॅलिनमुळे तो कुजत नाही आणि घट्ट होतो. मग त्यातले पाणी अल्कोहोलने काढून टाकायचे, त्या जागी वितळलेले मेण मुरवायचे आणि त्याची छोटी वडी पाडायची. या वडीला ब्लॉक म्हणतात. मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर या वडीचे तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे काप निघतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. काप काचेवर घेऊन त्याला दोन रंग द्यायचे. हिमॅटॉक्सिलिन हा रंग मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडापासून मिळतो. त्याने पेशीचे केंद्रक निळे-जांभळे होते. दुसरा इओसिन, त्याने बाकीचा भाग गुलाबी होतो. एवढे सगळे झाल्यावर काच सूक्ष्मदर्शकाखाली येते. यात दोन-तीन दिवस सहज जातात. रिपोर्टला इतका उशीर का म्हणून खिडकीशी हुज्जत घालणाऱ्या नातेवाइकांना मी कधी कधी आत बोलावून ती मेणाची वडी हातात देतो. भांडण तिथेच संपते.

आता काच समोर आल्यावर आम्ही काय पाहतो? कर्करोग आहे की नाही, हा पहिला प्रश्न. पण तो सुटला म्हणजे काम संपले असे नाही. कर्करोग हे एका रोगाचे नाव नव्हे, ते एका मोठ्या कुळाचे आडनाव आहे. कोणता, किती आडदांड आणि कुठवर पोहोचलेला, हे पुढचे प्रश्न. आडदांडपणा म्हणजे ग्रेड. पेशी मूळच्या निरोगी पेशींसारख्या शहाण्यासारख्या रांगेत आहेत, की वेड्यावाकड्या, लहानमोठ्या, भराभर दुभंगणाऱ्या आहेत, त्यावरून ती ठरते. कुठवर पोहोचला, म्हणजे स्टेज. ग्रेड हा स्वभाव, स्टेज हा मुक्काम. पुष्कळ सुशिक्षित माणसेही या दोन शब्दांची गल्लत करतात आणि ‘ग्रेड ३’ वाचून ‘थर्ड स्टेज’ असे सगळ्या गावाला सांगतात.

मूत्राशयाच्या बाबतीत आमचे सर्वांत मोठे कोडे खोलीचे असते. मूत्राशयाची भिंत आपल्या घराच्या भिंतीसारखी समजा. अगदी आतून अस्तराचा पातळ थर; तो रंग. त्याखाली मऊ जोडऊतकाचा थर; तो गिलावा. त्याच्यामागे जाड स्नायू, जो आकुंचन पावून लघवी बाहेर ढकलतो, त्या विटा. आणि त्यापलीकडे चरबी. मूत्राशयाचा कर्करोग बहुतेक वेळा आतल्या अस्तरातच सुरू होतो. भिंतीला ओल यावी तसा तो आत सरकतो. ओल रंगापुरती असेल तर टी-ए, गिलाव्यात शिरली तर टी-१, विटांत गेली तर टी-२. विटा भेदून पलीकडच्या चरबीत गेली तर टी-३ आणि शेजारच्या अवयवांत घुसली तर टी-४. पहिल्यांदा निदान होते तेव्हा चारपैकी साधारण तीन रुग्णांत रोग विटांपर्यंत पोहोचलेला नसतो. ही मोठी दिलाशाची गोष्ट आहे, कारण सगळा उपचार याच रेषेवर फिरतो. विटा सुरक्षित असतील तर दुर्बिणीतून गाठ खरवडून काढतात, मूत्राशयात औषध सोडतात आणि मूत्राशय वाचते. विटांत रोग असेल तर बहुधा पूर्ण मूत्राशयच काढावे लागते, किंवा निवडक रुग्णांत शेक आणि केमोथेरपीचा मार्ग धरावा लागतो.

दुर्बिणीतून काढलेली ही गाठ आमच्याकडे अखंड येत नाही. खोबऱ्याचे काप करावेत तसे बारीक बारीक तुकडे येतात. कडा तारेच्या विजेने जळालेल्या. त्या ढिगाऱ्यात आम्हाला विटा शोधायच्या असतात. यात आणखी एक फसवणूक असते. गिलाव्यातही स्नायूचे नाजूक धागे कुठे कुठे असतात. त्यांना विटा समजले तर टी-१चा रुग्ण टी-२ होतो आणि विनाकारण मूत्राशय गमावून बसतो. उलट चूक झाली तर त्याहून वाईट. आणि तुकड्यांत विटा आल्याच नसतील तर? फक्त रंग आणि गिलावाच खरवडून आला असेल, तर मागच्या विटा कोरड्या आहेत की ओल्या, हे जगातला कोणताही पॅथॉलॉजिस्ट सांगू शकणार नाही.

अण्णांच्या रिपोर्टात नेमके हेच होते. हाय ग्रेड. गिलाव्यात शिरलेला, म्हणजे टी-१. आणि खाली शेवटची ओळ, तुकड्यांत स्नायूचा थर आढळला नाही. घरच्यांनी ती इंग्रजी ओळ कोणाकडून तरी वाचून घेतली आणि तिचा अर्थ लावला, स्नायूत रोग आढळला नाही. सगळ्यांनी देवापुढे साखर ठेवली. सर्जनने रिपोर्ट घेऊन दोन आठवड्यांनी यायला सांगितले होते. पण अण्णांना काही त्रास नव्हता, त्यात सोयाबीनची काढणी आली. पाच आठवडे होऊन गेले होते.

ही ओळ वाचून मी इतका अस्वस्थ का झालो, ते सांगतो. १९९८ साली, मी या गावात प्रयोगशाळा टाकून फार दिवस झाले नव्हते तेव्हा, एका खासगी रुग्णालयातून असाच एक तुकडा माझ्याकडे आला. रुग्ण एसटीतून निवृत्त झालेले वाहक. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे ग्रेड ३ची गाठ, गिलाव्यात शिरलेली, स्नायू तुकड्यात नाही. मी रिपोर्टात सगळे बरोबर लिहिले. शेवटच्या ओळीत, बारीक टायपात, इंग्रजीत. शास्त्राच्या दृष्टीने त्यात काना-मात्रेचीही चूक नव्हती. पण मी सर्जनला फोन केला नाही. रिपोर्ट न्यायला त्यांचा मुलगा आला होता, त्याला दोन शब्द समजावून सांगितले नाहीत. त्याने मला विचारले होते, ‘साहेब, खोल नाही ना गेलेलं?’ आणि मी, हे डॉक्टरांना विचारा, असे म्हणून पावती पुढे केली. आठ महिन्यांनी त्याच रुग्णाचे तुकडे पुन्हा आले. या वेळी त्यात विटा होत्या आणि विटांत रोग होता. मूत्राशय काढून पोटावर पिशवी लावली. दीड वर्षाने ते गेले. पहिल्याच महिन्यात पुन्हा पाहिले असते तर ते वाचलेच असते असे मी म्हणत नाही. कदाचित तेव्हाही विटांत रोग असेल. पण आठ महिने हातचे गेले, हे खरे. तेव्हापासून स्नायू नसलेला प्रत्येक रिपोर्ट मी स्वतः फोन करून सांगतो आणि तीच ओळ खाली मराठीत, ठळक अक्षरांत छापतो : ‘स्नायू मिळालेला नाही, म्हणून खोली सांगता येत नाही. सर्जनना त्वरित भेटा.’

अशा वेळी करायचे काय, हे ठरलेले आहे. दोन ते सहा आठवड्यांत दुर्बिणीतून पुन्हा एकदा त्याच जागेचा तुकडा घ्यायचा, या वेळी विटांपर्यंत. टी-१च्या रुग्णांत असे दुसऱ्यांदा पाहिले तर एक तृतीयांश ते निम्म्या जणांत गाठीचा अंश शिल्लक सापडतो. पहिली शस्त्रक्रिया नीट झाली नाही असा याचा अर्थ नव्हे. रक्तस्रावात, फुगवलेल्या पातळ भिंतीवर काम करताना सर्जनला भिंत फुटू न देण्याचीही काळजी असते. दुसऱ्या वेळी विटा स्वच्छ निघाल्या, तर पुढचा उपचार ऐकून आमच्याकडची माणसे चकित होतात. मूत्राशयात बीसीजी सोडतात. होय, तीच बीसीजी, जी आपल्या दंडावर टोचली जाते. १९७६ साली कॅनडात अल्वारो मोरालेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ रुग्णांवरचा आपला अनुभव प्रसिद्ध केला. क्षयाचे दुबळे केलेले जंतू मूत्राशयात गेले की शरीराची संरक्षक फौज तिथे धावून येते आणि कर्करोगाच्या पेशींनाही झोडपते. सहा आठवडे, दर आठवड्याला एकदा, नळीतून औषध सोडायचे आणि दोन तास लघवी धरून ठेवायची. पुढेही ठराविक अंतराने काही डोस द्यावे लागतात. इतक्या वर्षांत अनेक नवी औषधे आली, पण हाय ग्रेडच्या वरवरच्या रोगात बीसीजीची जागा अजून टिकून आहे.

इथे थोडे थांबून अण्णांच्या सुरुवातीच्या दिवसांविषयी बोलतो, कारण तो भाग मला रिपोर्टापेक्षाही महत्त्वाचा वाटतो. त्यांना पहिल्यांदा लघवीतून रक्त गेले ते होळीच्या सुमारास. एक दिवस गेले आणि थांबले. दुखले काहीच नाही. उन्हाळी लागली असेल म्हणून घरात धने-जिऱ्याचे पाणी आणि सब्जा सुरू झाला. आठ दिवसांनी लघवी स्वच्छ, म्हणजे गुण आला. दोन महिन्यांनी पुन्हा रक्त. पुन्हा सब्जा. सोनोग्राफी झाली ती गणपती उठल्यावर. वाचकहो, मूत्राशयाच्या कर्करोगाची खोड हीच आहे. रक्त येते, दुखत नाही आणि आपोआप थांबते. मुतखड्यात माणूस गडाबडा लोळतो आणि त्याच दिवशी दवाखाना गाठतो. न दुखणारे रक्त मात्र घरी बसवून ठेवते. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या माणसाच्या लघवीतून एकदा जरी, न दुखता, रक्त गेले तरी सोनोग्राफी आणि दुर्बीण तपासणी व्हायलाच हवी. लघवीतल्या पेशींचीही तपासणी करतात. पण ती हाय ग्रेड गाठी चांगल्या पकडते आणि सौम्य गाठी पुष्कळदा निसटतात, तेव्हा ती एकटी स्वच्छ आली म्हणून निर्धास्त राहू नये. शिवाय त्यासाठी सकाळची पहिली लघवी देऊ नका. रात्रभर साठलेल्या लघवीत पेशी सडून जातात.

अण्णा चाळीस वर्षे विडी ओढत. विडीचा धूर फुप्फुसात जातो, मग रोग मूत्राशयात कसा, असे त्यांच्या चिरंजीवांनी फोनवर विचारले. धुरातली विषे फुप्फुसातून रक्तात येतात, मूत्रपिंडे ती गाळून लघवीत टाकतात आणि ती लघवी तासन् तास मूत्राशयात साठून अस्तराला भिजवत राहते. पाश्चात्त्य देशांत मूत्राशयाच्या कर्करोगापैकी जवळजवळ निम्म्याचे कारण धूम्रपान मानले जाते. रंगाच्या कारखान्यांतले काही पदार्थही असेच काम करतात. १८९५ साली लुडविग रेन या जर्मन सर्जनने फ्रँकफर्टजवळच्या रंग कारखान्यातल्या कामगारांत या गाठी पाहिल्या आणि व्यवसायाशी त्यांचा संबंध जोडला. इजिप्तमध्ये नाईलच्या पाण्यातल्या एका चपट्या कृमीमुळे मूत्राशयात वर्षानुवर्षे दाह राहतो आणि त्यातून वेगळ्या जातीचा कर्करोग होतो. या कृमीचा एक छोटा अड्डा १९५२ साली आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात गिमवी येथे सापडला होता, हे आज फार थोड्यांना ठाऊक असेल. आपली मुंबईही या शोधकामात मागे नव्हती. तेथे डॉ. वसंत रामजी खानोलकर या आपल्या थोर पॅथॉलॉजिस्टने १९४५ मध्ये, धोतर कमरेला घट्ट कसण्याच्या जागी होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली. तुकडा काचेवर पाहून झाल्यावर, हा माणूस राहतो कसा, खातो काय, नेसतो काय, असे विचारायची ती परंपरा. मला ती फार आवडते. असो.

आता मामांकडे वळू. मेंदूच्या गाठीत खोलीचा हिशेब चालत नाही. मेंदू भिंतीसारखा थरांचा नाही. शिवाय मेंदूत उपजलेल्या गाठी यकृतात, हाडात अशा क्वचितच पसरतात. त्यामुळे स्टेज मोजायला मुक्कामच उरत नाहीत आणि रिपोर्टात स्टेज नसते. कोणाची लिहायची राहिलेली नसते. इथे सगळे वजन दोन गोष्टींवर : गाठ कोणत्या पेशीची आणि तिचा स्वभाव कसा. ग्रेड १ ते ४.

मग गाठ सगळी काढून टाकली की झाले, असे का नाही? मेंदूच्या आवरणातून उगवणाऱ्या मेनिंजिओमासारख्या गाठींत तसे पुष्कळदा होते. त्या बहुतांशी ग्रेड १च्या असतात आणि मेंदूला बाहेरून दाबतात. पण मेंदूच्या आधारपेशींतून होणाऱ्या ग्लायोमा जातीच्या गाठींचे तसे नाही. शेतकऱ्याला सांगायचे तर ही हरळी आहे. वर दिसते तेवढी उपटली तरी मुळ्या रानभर गेलेल्या असतात. अमेरिकेतील वॉल्टर डँडी या सर्जनने १९२८ साली अशा काही रुग्णांच्या मेंदूचा सगळा उजवा अर्धगोल काढल्याचे प्रसिद्ध केले. त्या रुग्णांची डावी बाजू आधीच लुळी पडलेली होती. एवढे करूनही रोग परत आलाच. त्यापूर्वी दोनच वर्षे, १९२६ मध्ये, पर्सिव्हल बेली आणि हार्वी कुशिंग यांनी ग्लायोमांची पेशींच्या रूपावरून वर्गवारी केली आणि कोणती गाठ किती दिवस देते याचा मेळ घातला. आजचे आमचे रिपोर्ट त्याच झाडाची फळे आहेत.

या कुळातला सर्वांत क्रूर म्हणजे ग्लायोब्लास्टोमा, ग्रेड ४. काचेवर तो ओळखायला सहसा कठीण नसतो. मध्ये मेलेल्या पेशींचे बेट, त्याच्या कडेने दाटीवाटीने उभ्या असलेल्या पेशी आणि रक्तवाहिन्यांचे गुंतवळ. खोटा धीर देणार नाही. २००५ साली एका मोठ्या पाहणीत, शस्त्रक्रियेनंतर नुसता शेक दिलेल्यांपैकी निम्मे रुग्ण १२.१ महिन्यांत गेले होते. शेकाबरोबर टेमोझोलोमाइडच्या गोळ्या दिल्यावर हा आकडा १४.६ महिने झाला. दोन वर्षे पार करणारे मात्र शंभरात १० होते ते २६ झाले. आकडे लहान आहेत, पण ज्या घरात मुलीचे लग्न ठरलेले असते त्या घराला ते लहान वाटत नाहीत.

मामांचा रिपोर्ट ग्लायोब्लास्टोमाचा नव्हता. ऑलिगोडेंड्रोग्लायोमा, ग्रेड २, असे त्यात होते. ही गाठ काचेवर फार मजेशीर दिसते. मध्ये गोल केंद्रक आणि भोवती पांढरे रिंगण, जणू हाफ-फ्राय अंडी शेजारी शेजारी मांडली आहेत. गंमत अशी की हे रिंगण फॉर्मॅलिन मुरेपर्यंतच्या वेळात तयार होते. ताज्या तुकड्यात ते नसते. निसर्गाची नव्हे, आमच्याच प्रक्रियेची ती खूण, पण शंभर वर्षे आम्हाला उपयोगी पडते आहे. आता मात्र नुसत्या रूपावर भागत नाही. २००८ साली मेंदूच्या गाठींत आयडीएच नावाच्या जनुकातला बदल सापडला आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ आणि २०२१च्या वर्गवारीत जनुकांना रूपाच्या बरोबरीचे स्थान मिळाले. ऑलिगोडेंड्रोग्लायोमा म्हणायचे तर आयडीएचमध्ये बदल हवा आणि १ व १९ क्रमांकाच्या गुणसूत्रांचा एकेक ठराविक भाग गळालेला हवा. हे दोन्ही असतील तर शेक आणि केमोथेरपीला ही गाठ चांगली दबते. असे कित्येक रुग्ण दहा वर्षे आणि त्याहूनही अधिक काळ जगतात, कामधंदा करतात. उलट, काचेवर शांत दिसणाऱ्या प्रौढ माणसाच्या गाठीत आयडीएचचा बदल नसेल आणि दुसरे काही ठराविक जनुकीय बदल असतील, तर तिला आज सरळ ग्रेड ४ म्हणतात. माझ्या डोळ्यांना पूर्वी जे दिसत नव्हते ते हे आहे, आणि तीस वर्षे डोळ्यांच्या भरवशावर रिपोर्ट लिहिलेल्या माणसाला ते मान्य करायला थोडे जड जाते.

मामांच्या रिपोर्टाखाली या जनुकीय चाचण्या करून घ्याव्यात असे लिहिले होते. घरच्यांना तो वायफळ खर्च वाटला. मेंदूचा कर्करोग म्हणजे चार महिने, हे त्यांनी कुठेतरी ऐकले होते. मी फोनवर विचारले, मामांना पहिली आकडी आली तेव्हा काय केले? बाहेरचे असेल म्हणून दोन अमावास्या गेल्या होत्या. मोठ्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा आकडी आली, किंवा सकाळी उठताच डोके ठणकून उलटी होऊ लागली, एका बाजूचा हात हळूहळू ढिला पडू लागला, शांत माणूस विचित्र वागू लागला, तर मेंदूचा स्कॅन करावा. पुढचे सगळे नंतर.

आणि स्कॅनवर गाठ दिसली म्हणून लगेच कर्करोग समजू नये, हेही सांगतो. प्रौढांत मेंदूत सापडणाऱ्या अनेक गाठी फुप्फुस, स्तन अशा दुसऱ्या ठिकाणच्या कर्करोगातून आलेल्या असतात. त्यांचा उपचार वेगळा. आणि आपल्या देशात क्षयाची गाठही मेंदूत होते. काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या एका बत्तीस वर्षांच्या बाईंच्या स्कॅनवर, कर्करोगाची शक्यता, असे लिहून आले होते. सासरचे त्यांना माहेरी सोडून आले होते. शस्त्रक्रियेच्या टेबलावर असतानाच तुकड्याचा कण दोन काचांत चिरडून, रंग देऊन मी पाहिला. लुईस आयझेनहार्ट आणि कुशिंग यांनी १९३० मध्ये रूढ केलेली ही पद्धत पाच-दहा मिनिटांत उत्तर देते. काचेवर क्षयाच्या दाहाच्या पेशी होत्या, कर्करोगाच्या नव्हत्या. पुढे कायमच्या स्लाइडवरही तेच ठरले. क्षयाच्या औषधांनी बाई बऱ्या झाल्या. सासरी परत गेल्या की नाही, ते मी विचारले नाही.

मोबाइलमुळे मामांना हे झाले का, असाही प्रश्न पत्रात होता. २०११ साली कर्करोगाच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने मोबाइलच्या लहरींना ‘कदाचित कारणीभूत’ या सावध गटात टाकले होते. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या मोठ्या आढाव्यात मेंदूच्या कर्करोगाशी संबंध आढळला नाही. मामांनी फोन कमी वापरला असता तर, हा विचार घरातल्यांनी डोक्यातून काढून टाकावा.

थोडे व्यवहाराचे. पुष्कळदा तुकड्याची बाटली नातेवाइकांनाच प्रयोगशाळेत पोहोचवावी लागते. ती सलाईनच्या रिकाम्या बाटलीत, नुसत्या पाण्यात किंवा सलाईनमध्ये नेऊ नका. फॉर्मॅलिनच हवे, तुकड्याच्या दहापट तरी. बाटलीवर नाव, वय, अवयव लिहिला आहे ना, हे स्वतः वाचा. दोन बाटल्या असतील तर दोन्हींवर. रिपोर्टाचा कागद हरवला तर दुसरा छापता येतो; पण मेणाच्या वड्या आणि काचा ही खरी ठेव आहे. दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचे मत घ्यायचे असेल किंवा जनुकीय चाचणी करायची असेल तर त्याच मागून घ्याव्या लागतात. आम्हाला त्याचा राग येत नाही, निदान येऊ नये. आणि सर्जनसमोर बसाल तेव्हा रिपोर्टातली शेवटची ओळ वाचून दाखवायला सांगा. डॉक्टर मंडळी सर्वांत अवघड गोष्ट शेवटच्या ओळीत लिहितात, ही आमची जुनी सवय आहे.

त्या फोननंतर चौथ्या दिवशी अण्णांना सर्जनकडे नेले. दुर्बिणीतून पुन्हा तुकडे घेतले गेले आणि या वेळी ते माझ्याकडे आले. एका बाटलीत गिलाव्यात रोगाचा छोटा अंश शिल्लक होता. दुसरीत जाड, गुलाबी, छान स्नायू. मी काच पुढे-मागे करून तीनदा पाहिली, मग आणखी खोलवरचे काप काढून पाहिले. स्नायू स्वच्छ आहे. जखम भरल्यावर गेल्या सोमवारी बीसीजीचा पहिला डोस झाला. लघवीला जळजळ होते म्हणून अण्णांनी सब्जाचे पाणी पुन्हा सुरू केले आहे. सर्जनची त्याला हरकत नाही. तीन महिन्यांनी दुर्बीण आहे, ती तारीख चिरंजीवांनी शाळेच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे. मामांच्या मेणाच्या वड्या मुंबईला गेल्या आहेत. उत्तर यायचे आहे.